सरांची नाकांची वही

तीन आठवडे झाले. सिल्वासात आमलीच्या बाजारात भाजी घेत होते, तेव्हा वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला. "सिस्टर, हे गेले हो..." एवढंच बोलल्या. मी दुधी हातात धरून तशीच उभी. भाजीवाली गुजरातीत विचारतेय, "बेन, लेवुं छे के नहीं?"

सर इथले नाक-कान-घशाचे डॉक्टर. त्यांच्या लहानशा दवाखान्यात थिएटर सिस्टर म्हणून मी सोळा वर्षं काढली. सरांची एक खोड होती. सायनसचं ऑपरेशन असलं की आदल्या संध्याकाळी सीटी स्कॅनची फिल्म समोर घेऊन ते चित्रकलेच्या वहीत त्या पेशंटच्या नाकाचं आतलं चित्र काढत बसायचे. चित्र कसलं, चिरलेलं वांगंच! मी हसायचे. "हसा," ते म्हणायचे, "पण बाहेरून नाक बघून आतलं कळत नाही, सिस्टर. कुणाचा पडदा वाकडा, कुणाची एखादी पोकळी जन्मापासून नाहीच, कुणाचं डोळ्याकडचं हाड कागदाइतकं पातळ. पुस्तकातलं नाक पुस्तकात. आपल्याला ह्या माणसाच्या नाकात शिरायचंय."

माझे मिस्टर धुळ्याकडचे, राखोलीला सुताच्या कारखान्यात कामाला. यांचं नाक वर्षानुवर्षं चोंदलेलं, वास म्हणून येत नव्हता. शेवटी ऑपरेशन ठरलं. "त्या दिवशी तुम्ही रजा घ्या," सर म्हणाले. मी कसली ऐकते! नवऱ्याच्या वेळी थिएटर दुसरीच्या हाती देऊ? आणि त्या सकाळी यांच्याकडेच बघत मी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली, ती नेमकी उलटी. उजवं डावीकडे, डावं उजवीकडे.

यांच्या उजव्या डोळ्याशेजारचं हाड एका ठिकाणी जन्मतःच नव्हतं. माझ्या फिल्मवर ते डावीकडे दिसत होतं. उजवीकडे निर्धास्तपणे हत्यार गेलं असतं, तर डोळाच गेला असता. सरांनी दुर्बीण उचलली, फिल्म बघितली, मग वही बघितली... आणि हात खाली घेतला. "सिस्टर, फिल्म फिरवा." आवाज नेहमीचाच.

ऑपरेशन नीट झालं. मी मात्र बाहेर येऊन ढसाढसा रडले, नोकरी सोडते म्हणाले. सरांनी माझ्यापुढे चहा सरकवला. "लावलीत तुम्ही, पण ती आधी मी तपासायला हवी होती ना? यापुढे दोघांनी मोठ्यानं बाजू म्हणायची." तेव्हापासून आम्ही प्रत्येक ऑपरेशनाआधी पाढे म्हटल्यासारखं उजवं-डावं म्हणायचो. घरी सांगायचा धीर मात्र मला झाला नाही. सरांनीही कधी यांच्यापाशी शब्द काढला नाही. दर दिवाळीला हे सरांच्या पाया पडायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सरांच्या तेराव्याहून परत आलो आणि मला राहवेना. सगळं सांगून टाकलं, रडतरडतच. हे माझ्यासमोर येऊन बसले. मग तळहातानं डावा डोळा झाकला आणि उजव्यानं माझ्याकडे बघत राहिले.

"तू दिखस ना माले," आपल्या अहिराणीत म्हणाले. "मंग रडस कसाले?"