दिगूमामांच्या विमानातली गादी

दिगूमामा दुपारचा चहा विमानात घ्यायचे. पंखाशी चपला काढायच्या, दोन पायऱ्या चढून आत बसायचं, कमरेचा पट्टा आवळायचा आणि मग मामींनी खालून दिलेली कपबशी घ्यायची. बशीतला चहा फुरकताना दुसरा हात दांड्यावरून हलायचा नाही. विमान असायचं भोकरदनच्या बाहेर, त्यांच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. मामांचा चेहरा मात्र असा, की खाली ढग लागलेत.

मी त्यांचा भाचा. थापाड्या म्हणून तालुक्यात माझं थोडंफार नाव आहे, तेव्हा मी सांगतो त्यातलं निम्मं वजा करा. तरी विमान उरतंच.

मामांची हयात विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करण्यात गेली. जन्मभर खोल वाकून वाकून पाठ गेली आणि साठी उलटल्यावर त्यांना एकदम वर जावंसं वाटलं. भंगारातल्या मोटारीचं इंजिन, अॅल्युमिनियमच्या पाइपांचा सांगाडा, पंखांवर ताणलेलं कापड. इंजिन सुरू झालं की तिकडे बदनापूर स्टेशनवर गाडी आली म्हणून लोक पिशव्या उचलायचे. दोघंजण तर चढलेही, म्हणतात.

विमान अजून उडायचं होतं, पण सोयी आधी झाल्या. आमच्याकडे नव्या ट्रॅक्टरलाही नांगराआधी छत्री आणि गोंडे लागतात, तिथे हे तर विमान. त्यातून जो पाहुणा आत बसायचा, तो काहीतरी सुचवून उतरायचा आणि पाहुण्याचं मोडणं मामांच्या स्वभावात नव्हतं. सोयरे म्हणाले ऊन लागेल, पडदा आला. शेजारी म्हणाले घसा सुकेल, बाटलीसाठी तारेचं कडं आलं. मग भांग पाडायला आरसा, सुपारीचा डबा, मोबाइलचा चार्जर, टोपी अडकवायला खुंटी. मी एकदा सहज म्हणालो, की वर कोण टोपी काढणार आहे? मामा म्हणाले, "माणूस वर गेला म्हणून अवघडून बसावं का? खर्चा होऊ दे, बैठक बराबर पाहिजे."

आणि एवढं सगळं घेऊन ते विमान एके दिवशी खरंच उचललं. सोयाबीन निघालं होतं, वावर मोकळं होतं. मामांनी बांधापासून बांधापर्यंत दौड मारली आणि शेवटच्या टप्प्यात चाकं मातीपासून सुटली. मी लोकांना पुरुषभर सांगतो, इथे खरं लिहितो: एक वीत. मी टोपी उडवली, गडी ओरडले. मामी बांधावर उभ्या होत्या. मामा उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, "पाठ दुखली असंल तुमची. गादी शिवते मी."

आठ दिवसांत गादी आली. निळ्या खणाची, चारी कोपऱ्यांना टाके, मामींनी स्वतः भरलेली. स्वतःच उराशी धरून आणली आणि स्वतःच बसवली. त्यानंतर विमान काही उचलेना.

दौड तीच, वावर तेच, इंजिनाचा आवाजही तोच. चाकं मात्र मातीला चिकटून. मामांनी विमान ट्रॉलीला बांधून जिनिंगच्या वजनकाट्यावर नेलं. काट्यावरचा माणूस म्हणाला की एवढ्या आकाराची कापसाची गाठ सरकीसकट तोलली तरी एवढी भरत नाही. मग सोयी उतरायला लागल्या. पडदा गेला, आरसा गेला, खुंटी गेली. ज्याने जे सुचवलं होतं तो त्या त्या दिवशी रुसला. चार्जरवाले व्याही तर वर्षभर बोलले नाहीत. पण गंमत अशी, की दोन वस्तू उतरल्या की मामींना गादीचा कापूस दबलेला दिसायचा. गादी घरी जायची, उसवून, भरून परत यायची. विमान मातीवरून सुटेना.

शेवटी आत मामा आणि गादी एवढेच उरले. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर हाच विषय. सगळ्यांचं एकमत, की गादी काढा. मामा ठाम. म्हणाले, "बिनगादीचं उडणं आपल्याला जमायचं न्हाई. पाठ बिलकुल साथ देत न्हाई." मंडळी हसली. त्या दिवसापासून त्यांचं नाव 'गादीवाला पायलट' पडलं. ज्या माणसाला विहिरीच्या कडेला नुसतं उभं केलं तरी मोटार घाबरून सुरू व्हायची, त्याला आता पोरंसोरं विचारायची, "काय मामा, आज गादी उडाली का?" मामा हसून सुपारी द्यायचे.

मला ते बघवेना. एका सकाळी मामा अंघोळीला गेल्याचं पाहून मी शेडमध्ये शिरलो. गादी काढून लपवायची, मामांना दौड मारायला लावायची, गावाची तोंडं बंद करायची, असा बेत. गादीला हात घातला आणि ओढली. ती सुटली ती थेट माझ्या पायावर. गादी पडून अंगठ्याचं नख काळं पडलेला जिल्ह्यातला पहिला माणूस मी. चाचपून पाहिलं. वर बोटभर कापूस आणि खाली घराच्या स्लॅबच्या वेळचे उरलेले सळयांचे तुकडे, ओळीने, गोधडीसारखे टाके घालून बसवलेले.

मागे मामा, अंगावर ओला पंचा.

"ठेव बराबर तिथंच," ते म्हणाले.

"मामा, तुम्हाला माहीत आहे?"

"दोन वर्सं त्याच्यावर बसून राह्यलो. दगड हे का मी?"

मी म्हणालो, की मग बोला मामीला. काढा त्या सळया आणि एकदा उडून दाखवा, गाव काय काय बोलतंय. मामांनी माझ्या हातून गादी घेतली, जागेवर ठेवली आणि थोपटून सारखी केली.

"म्या सिल्लोडला मोटारी आणाय गेल्तो आन् एसटी अर्धा तास लेट झाली, तर तुझी मामी फाटकात येऊन उभी होती. एसटीला निदान टाइम तरी असतो. विमानाचा काय टाइम सांगू तिला?" मग म्हणाले, "तिला वाटून राह्यलंय मला म्हाइती न्हाई. वाटू दे. तू बोलायचं न्हाई."

मी बोललो नाही. माझ्यासारख्याने एवढी मजेची गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे काय, हे माझं मलाच ठाऊक.

मामा गेले ते गेल्या थंडीत, घरात, पलंगावर, साध्या तापाने. तेराव्यानंतर मामींनी मला शेडमधून गादी आणायला सांगितली. मी ती दोन्ही हातांनी, दात आवळून आणली आणि हलकी असल्यासारखी ओसरीवर ठेवली. मामी तिच्यावरून हात फिरवत बसल्या.

"तुझ्यापाशी बोलायचे ते," त्या म्हणाल्या. "टोचायचं का रे त्यांना?"

मी आयुष्यात अर्ध्या जिल्ह्याला थापा मारल्यात, हात आखडता न घेता. त्या दिवशी मला एकच सुचली, आणि तीही आखूड.

"न्हाई मामी. म्हणायचे, अशी मऊ गादी कुठं बसायला मिळाली न्हाई."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मग ब्लेड घेऊन कोपऱ्याचा टाका उसवायला लागल्या.

"मला बी असंच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "लबाड."