कांदा न कळणारं सॉफ्टवेअर

अंबडच्या त्या छोट्या कारखान्यात शुभांगीला सगळे मान द्यायचे आणि तिच्याशी कुणी बोलायचं नाही. म्हणजे जेवलात का, उकाडा किती, एवढं व्हायचं. पण ती दिवसभर ज्यात बुडालेली असायची त्या रेडिओ सर्किटचा विषय निघाला, की माणसं हळूच डबा बंद करून उठायची. वासरांत लंगडी गाय शहाणी, असं ती स्वतःलाच म्हणायची. पण त्या गाईभोवती निदान वासरं तरी असतात.

ती मूळची नामपूरची, चाळिशी उलटलेली, इंदिरानगरला एकटीच राहणारी. आई फोनवर विचारायची, "बरं शे ना?" ती म्हणायची, "बरं शे." झालं बोलणं.

कारखाना कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवायची एक डबी बनवत होता. चाळीतली ऊब आणि ओल मोजून ती बिनतारी कळवणार, म्हणजे कांदा सडायच्या आत शेतकऱ्याला समजेल. टेबलावर डबी पोपटासारखी बोलायची. कांद्यात पुरली की मुकी. विंचूरकडच्या चाळी भरायला आल्या होत्या आणि डब्यांचा पत्ता नव्हता. मालक रविराज सर म्हणाले, "अंदाजाने किती बोर्ड वाया घालवायचे? सर्किट आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर घेऊ. तुम्ही म्हणाल ते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

दोन सॉफ्टवेअर महिनाभर वापरून बघायला मिळाली. पहिल्याच्या मदतीला फोनवर पुण्याची तेजल होती. पहिल्याच फोनला, शुभांगीने पाठवलेली फाइल बघून ती म्हणाली, "मॅडम, तुमची कॉइल बोर्डाच्या कडेला फार चिकटलीय, नाही का?" शुभांगीने खुर्ची फोनजवळ ओढली. इतक्या वर्षांत तिला कुणी असं काही विचारलं नव्हतं.

मग तिला अडचणी सुचू लागल्या. जी फाइल तिने झोपेतही उघडली असती, ती उघडत नाही म्हणून फोन व्हायचा. दुसरं सॉफ्टवेअर मात्र घुमं. मदत हवी तर ईमेल करा, उत्तर सवडीने, आणि तेही 'प्रिय ग्राहक' म्हणून.

पण कांदा कळायचा तो त्या घुम्यालाच. पहिलं सॉफ्टवेअर सर्किट झकास सोडवायचं, पण बोर्डाबाहेर काही असतं हे त्याच्या गावीच नव्हतं. दुसऱ्यात डबी, अँटेना आणि भोवतीचा ओलसर ढीग, सगळं मांडता यायचं. शुभांगीने कांद्याचे क्रेट मागवले, डबी त्यात पुरली आणि मोजलं. आकडे दुसऱ्याशी जुळले. तिने पुन्हा पुन्हा मोजलं. खरं तर कुठेतरी चूक सापडावी असंच तिला वाटत होतं.

पहिलं घ्या म्हटलं असतं तरी रविराज सरांनी डोळे झाकून सही केली असती. तो मोह तिला दोन दिवस आवरेना. मुदत संपायच्या दिवशी तेजलचाच फोन आला.

"मॅडम, ऑर्डर आम्हालाच ना?"

"नाही गं. तुमच्यात कांदा बसत नाही."

तेजल हसली. मग म्हणाली, "एक सांगू? शेवटच्या अडचणी तुम्हाला सोडवता येत होत्या. कळायचं मला."

शुभांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग बोलली का नाहीस?"

"मला आवडायचं बोलायला. बाकीचे सगळे फोन पासवर्ड विसरल्याचे असतात."

तेजलचा स्वतःचा नंबर मागावा, असं शुभांगीच्या अगदी ओठांवर आलं. पण ऑर्डर नाकारायची आणि वर नंबर मागायचा, हे तिला शोभेना. "बरं मॅडम, ठेवते," तेजल म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

नव्या सॉफ्टवेअरवर शुभांगीने सर्किट बदललं, नवा बोर्ड आला, आणि कांद्यांच्या तळातून डबी बोलली. रविराज सर धावत आले. "कसं जमवलंत?" ती सांगू लागली. पहिलं वाक्य संपायच्या आत त्यांचा मोबाइल वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले.

शुभांगीने पहिल्या सॉफ्टवेअरचा जुना मदतीचा नंबर लावला. आपला ग्राहक क्रमांक टाका, असं एक रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज सांगू लागला. महिन्यापुरता मिळालेला तिचा क्रमांक मुदतीबरोबरच रद्द झाला होता. तो आवाज तेच ते पुन्हा सांगत राहिला, आणि फोन आपोआप कट होईपर्यंत शुभांगी ऐकत राहिली.