ओ पॉझिटिव्ह, शनिवार पेठ

माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे, ही गोष्ट मुंबई विमानतळावरच्या बऱ्याच अनोळखी लोकांना माहीत आहे. त्यांना ती मी सांगितलेली नाही. माझ्या वडिलांनी सांगितली, लाल ऑइल पेंटने, चार बोटं उंच अक्षरांत.

बाबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांचा त्यांनी ताबा घेतला. तरुणपणी एका बदलीत त्यांची ट्रंक हरवली होती आणि तिच्याऐवजी कुणा अगडबंब हवालदाराची ट्रंक हाती आली होती. ती अख्खी थंडी बाबांनी त्या हवालदाराच्या ढगळ पायजम्यांत काढली. तेव्हापासून बिननावाची वस्तू त्यांना बघवत नसे. आमच्या बादलीवर नाव होतं, छत्रीवर होतं, कुकरच्या झाकणावरही होतं. माझ्या शाळेच्या डब्यावर तर ते सुट्टीवर आले की नाव, इयत्ता आणि रक्तगट टाकून जात. (डबा जखमी झाला तर त्याला रक्त कोण देणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही.)

माणूस मात्र मायेचा. माझं सगळं लहानपण ते सरहद्दीवर होते. ती कसर भरून काढायची म्हणून निवृत्तीनंतर ते मला रोज बसस्टॉपपर्यंत सोडायला यायचे. मी तेव्हा नोकरी करत होते आणि बस कंपनीची होती! खिडकीतून सगळं ऑफिस बघायचं आणि बाबा बस हलेपर्यंत ताठ उभे राहायचे.

कॉम्प्युटर शिकलेला जो तो अमेरिकेला निघायचा, असे ते दिवस होते. आमच्या आळीतून गेलेली मुलं परत येत नसत, फक्त त्यांचे बर्फातले फोटो येत. मलाही कंपनीने सहा महिन्यांसाठी पाठवायचं ठरवलं. आईने पेढे वाटले. खालच्या मजल्यावरच्या गोडबोलेकाकूंनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "सहा महिने सगळेच म्हणतात हो. सुभेदार, मुलगी गेली असं समजा."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर बाबा गॅलरीत उकिडवे बसले होते, हातात ब्रश. समोर माझी लक्ष्मी रोडवरून आणलेली कोरी करकरीत मरून बॅग, आणि तिच्यावर इंग्रजीत माझं नाव, रक्तगट आणि आमचा शनिवार पेठेतला पत्ता.

"बाबा, हे काय केलंत?"

"हात लावू नकोस. ओलं आहे."

"अहो, पण मी अमेरिकेला चाललेय. पत्ता तिथला नको का?"

"तिकडे पोचवायला तू आहेस," ब्रश पुसत बाबा म्हणाले. "सामानाला परत यायचा पत्ता माहीत असावा लागतो."

माझ्या डोळ्यांसमोर मात्र विवेक होता. तो माझ्याच टीममधला, माझ्याबरोबरच निघालेला, आणि कुणाचीही टिंगल करायला टपलेला. संध्याकाळी बाबा ओंकारेश्वराच्या देवळात गेल्याबरोबर मी टर्पेंटाइनची बाटली काढली. अक्षरं निघाली नाहीत, पसरली. अर्ध्या तासात माझी मरून बॅग एखाद्या कबऱ्या गाईसारखी दिसायला लागली.

बाबांनी परत येऊन ती चहूबाजूंनी पाहिली. "कॅमोफ्लाज चांगलं झालंय," ते म्हणाले, आणि पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही म्हणून लाल रंगाचा डबा घेऊन आले. अक्षरंही वाढवली.

आता इलाज एकच. मी आईला गाठलं आणि जुन्या चादरीचा बॅगेला खोळ शिवून मागितली. तिने बिचारीने शिवलीही. ती पाहून बाबांना भलता आनंद झाला. "वा! फौजेत अशीच खोळ असते," असं म्हणून त्यांनी खोळीवरही नाव, रक्तगट, पत्ता टाकला. वर आईला म्हणाले, "पोरीला हळूहळू कळायला लागलंय."

मुंबई विमानतळावर रांगेतल्या प्रत्येकाने मला आधी वाचलं, मग पाहिलं. विवेकची बॅग दुकान तेच, रंग तोच, पण कोरी. तो म्हणाला, "तुझ्या शेजारी उभं राहिलं की हॉस्पिटलात आल्यासारखं वाटतंय." मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले, ते अशी मान खाली घालून.

तिकडे उतरल्यावर माझी बॅग पट्ट्यावर आली तेव्हा मी तिला ओळख न देता उभी होते. आमच्याच विमानातल्या एक आजी स्वतःहून "ही तुमचीच ना?" असं विचारायला आल्या. विवेकने झोकात त्याची मरून बॅग उचलली. हॉटेलात ती उघडली तर आत भलत्याच माणसाचे कपडे! सोमवारी क्लायंटसमोर विवेक ज्या शर्टात उभा राहिला, त्यात अजून एक विवेक आरामात मावला असता.

मी घरी फोन केला. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्याच्या बॅगेवर नाव होतं?"

"नव्हतं."

मग त्यांनी विचारलं, "पायजमे ढगळ आहेत का?"

सहा महिने संपताना कंपनीने विचारलं, आणखी थांबणार का? विवेक थांबला. मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण ती बॅग माझ्या खोलीत कपाटावर होती. रोज सकाळी डोळे उघडले की लाल अक्षरांत शनिवार पेठ दिसायची. अशा बॅगेसमोर माणूस ग्रीन कार्डाचा विचार तरी कसा करणार?

मी परत आले. बाबा विमानतळावर केव्हापासून उभे होते, ते आईलाच ठाऊक. त्यांनी आधी बॅग तपासली, मग मला आपादमस्तक पाहिलं आणि आईकडे वळून म्हणाले, "दोन्ही नग पोचले." मग चष्मा पुसायला पाठ फिरवली. तो चष्मा बराच वेळ पुसून होत नव्हता.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते, आणि मागच्या महिन्यात तर आलीच आली. बंगळूरहून ऑफिसचं काम आटपून पुण्यात उतरले, माझी चार चाकांची काळी बॅग घेऊन घरी आले आणि उघडली. आत पुरुषांचे पायजमे होते. ढगळ.

मी विमानतळावर फोन लावला. तिथला मुलगा पक्का पुणेकर होता.

"मॅडम, बॅगेची काही खूण?"

"काळी आहे. चार चाकं."

"इथे सगळ्या काळ्याच आहेत. पाचवं चाक एकीलाही नाही. नाव टाकलं नव्हतं का?"

हा प्रश्न सुभेदाराच्या मुलीला! खूण म्हणून आयुष्यात पाठ असलेली एकच गोष्ट तोंडून निघून गेली.

"ओ पॉझिटिव्ह," मी म्हणाले.