बिऱ्हाडातली कचेरी

घाटकोपरच्या आमच्या चाळीतले एक शेजारी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी बाहेरच्या खोलीत अर्ज लिहून देण्याची कचेरी उघडली. दहाच्या ठोक्याला ते धोतरावर कोट चढवून स्वयंपाकघरातून कचेरीत येत. अंतर सात पावलं. टेबलावर घंटी होती. ती वाजली की त्यांच्या पत्नी हात पुसत शिपायाच्या कामावर हजर होत. कमी होती ती फक्त गिऱ्हाइकांची.

तीन महिन्यांनी पहिलं गिऱ्हाईक आलं. खालच्या मजल्यावरच्या मालवणी बाईंना मुलीच्या शाळाप्रवेशासाठी अर्ज हवा होता आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

"बसा. साहेब कामात आहेत," पत्नी म्हणाल्या.

साहेब पेन्सिलीला टोक काढत होते. अर्ध्या तासाने बाई बाकावरून उठल्या आणि दारात उभ्या असलेल्या मला म्हणाल्या, "हेंचा टोक काढून होयसर माझ्या चेडवाचा लगीन होतला!"

शेवटी मीच अर्ज लिहून दिला.

सकाळी साहेब कोट घालून जिन्यात उभे. बाईंच्या हातातला माझा अर्ज त्यांनी वाचला.

"मायना चुकलाय, जन्मतारीख नाही. हा तर शिपाईच परत करील, बाई."

मग भिंतीला कागद टेकवून, घंटी न वाजवता, त्यांनी उभ्या उभ्या नवा अर्ज लिहिला. "पळा आता."

मुलीला प्रवेश मिळाला, हे मान्य करायला हवं. पण अर्जाचा कोपरा मी बाईंच्या खांद्यावरून वाचला होता. तिथे सुबक अक्षरात लिहिलं होतं : जावक क्रमांक एकशे सत्त्याऐंशी.