स्वातीची साक्ष

आमची स्वाती रक्त काढते. असं सांगितलं की लोक दचकतात, म्हणून मी मुद्दाम असंच सांगते. लॅबमध्ये टेक्निशियन आहे ती, सकाळी स्कूटीवरून लोकांच्या घरी जाऊन सॅम्पल घेते. म्हसळ्याची मुलगी, लग्न होऊन आमच्या नवघरच्या घरात आली. मी तिची सासू, मनोरमा. सासूने सुनेचं कौतुक करू नये असा काही कायदा नाही.

तिला नस पटकन सापडते. ज्या म्हाताऱ्यांना बाकीचे दोन-तीनदा टोचतात, ते लॅबला फोन करून स्वातीलाच पाठवा म्हणतात. जेसल पार्कमधले सुभाष पेडणेकर त्यातलेच. बायको वारलेली, मुलगा साहिल दुबईला. साहिलने हौसेने रॉटवायलर जातीचा दांडगा कुत्रा आणला होता, ब्रूनो. साहिल तिकडे गेला आणि कुत्रा वडिलांकडे राहिला.

निघण्याआधी स्वाती दर वेळी फोन करायची, काका, ब्रूनोला आत बांधून ठेवा. ते ठेवायचेही. गेल्या हिवाळ्यात एकदा विसरले. त्यांनी दार उघडलं, ती आत पाऊल टाकतेय तोच कुत्र्याने तिचा उजवा हात धरला. काका पट्टा ओढत होते, पण सत्तरी ओलांडलेला माणूस किती ओढणार? शेजारी आणि वॉचमन धावत आले तेव्हा कुठे हात सुटला.

टाके पडले, इंजेक्शनं झाली. माझा मुलगा उत्तम पोलिसात जायला निघाला होता आणि मीही त्याच्याच बाजूची होते. स्वाती म्हणाली, आधी हात बरा होऊ दे, मग बघू. कितीतरी दिवस तिला त्या हाताने नीट कप धरता येत नव्हता. आमच्या गेटवरचा गावठी कुत्रा, ज्याला ती रोज बिस्किट घालायची, तो दिसला तरी ती माझ्या मागे सरकायची.

पेडणेकरांच्या सोसायटीत मग मीटिंग ठरली. असल्या जातीचे कुत्रे बिल्डिंगमध्ये नकोतच, असा ठराव करायचा होता. स्वातीने येऊन काय झालं ते सांगावं, म्हणून सेक्रेटरी घरी आले. ती हो म्हणाली. मीही गेले सोबत.

खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. अर्धं बोलणं हिंदीत, अर्धं मराठीत. एकाने मोबाइलवरून धोकादायक जातींची नावं वाचली. सरकारनेही बंदीचं परिपत्रक काढलं होतं म्हणाला. दुसरा म्हणाला, ते कोर्टात अडकलंय. लॅब्रेडोरवाले खूश होते, कारण त्यांचं नाव यादीत नव्हतं. एक कॉलेजचा मुलगा म्हणाला की जात वाईट नसते, वळण वाईट असतं. तेव्हा क्षितिजा नावाची एक बाई हळूच बोलली. "तुमचं सगळ्यांचं खरं असेल. पण माझी सान्वी त्याच लिफ्टने शाळेत जाते."

मग स्वाती उठली. बाही वर केली नाही. मला वाटलं होतं ती हात दाखवेल.

"कुत्रा मला चावला. मी बांधा म्हटलं होतं आणि तो मोकळा होता. दोन्ही खरं आहे," ती म्हणाली. "याआधीही एक चावला होता मला. पांढरा, मांडीत मावणारा. तेव्हा त्या घरातले हसले, मीपण हसले. ब्रूनो चावला तर टाके पडले. चावू सगळेच शकतात, पण सगळ्यांचा जबडा सारखा नसतो. ज्याने असा कुत्रा पाळलाय त्याने जास्त सांभाळायला हवं."

क्षितिजाकडे वळून ती म्हणाली, तुमची भीती खोटी नाही ताई, मला आत्तासुद्धा वाटतेय. मग तिने पेडणेकरांकडे पाहिलं.

"काका, माझा राग नाही. पण हा कुत्रा तुम्हाला एकट्याला झेपत नाही. नुसता हाकलला तर कुणीतरी गोडाऊनवर नेऊन साखळीला बांधेल, आणि तिथे तो दुसऱ्या कुणाला चावेल. साहिलला बोलवून घ्या."

पेडणेकर खाली बघत बसले होते. तसेच म्हणाले, "नाही झेपत. त्याला सांगायची लाज वाटत होती."

ठराव झाला, पण वेगळा: बंदी नाही, पण असा कुत्रा शिकवून, जाळी घालून आणि झेपेल अशा माणसाच्या हातातच बाहेर काढायचा. साहिल रजा काढून आला. ब्रूनो काही महिने वसईच्या एका ट्रेनरकडे राहिला. आता परत आलाय. घराबाहेर निघाला की तोंडाला जाळी असते आणि पट्टा एका पगारी, दणकट माणसाच्या हातात. काहींना हे अजून पटलेलं नाही. क्षितिजा त्याला बघितलं की मुलीला घेऊन जिन्याने जाते, आणि तिला कुणी काही म्हणत नाही.

स्वाती लॅबच्या मॅडमशीही भांडली. आता तिथे बुकिंग घेतानाच घरात कुत्रा आहे का विचारतात. असला तर सॅम्पल घेणारा यायच्या आधी वेगळ्या खोलीत ठेवा, म्हणून सांगतात. जात विचारत नाहीत.

पेडणेकरांकडे पुन्हा जायचा दिवस आला तेव्हा लॅबने दुसऱ्याला पाठवतो म्हटलं होतं. ती नको म्हणाली. मी हट्टाने स्कूटीवर मागे बसले. खालून तिने फोन केला, वर जाऊन बेल वाजवली. आतल्या खोलीतून भुंकणं ऐकू आलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती क्षणभर उंबऱ्यावरच थांबली. मग ती आत गेली, काकांच्या दंडाला पट्टा बांधला, बोटाने चाचपलं आणि सुई घातली. एकदाच. काका माझ्याशी दुबईच्या उन्हाबद्दल बोलत होते, त्यांना कळलंसुद्धा नाही.

मी शेजारी बसून तिचा तो हात बघत होते. जरासुद्धा हलला नाही.

तिथून ती पुढच्या घरी गेली. मी रिक्षाने परत आले, आणि नवघर येईपर्यंत रिक्षावाल्याला मोडक्या हिंदीत माझ्या सुनेची ही सगळी गोष्ट सांगितली.