कुलपेश्वराचा सत्कार

माझी कल्पना अशी होती की शेवटचा राक्षस पडद्यावर आला की अख्खं गाव पेटून उठेल. गाव उठलं. पण पेटलं नाही, नुसतंच उठलं. पदर सावरत, टोपी नीट करत, हात जोडत. प्रमुख पाहुणे आल्यावर उठतात ना, अगदी तसं!

पण असं मधूनच सुरू केलं तर माझी फजिती तुम्हाला नीट कळायची नाही. इतक्या कष्टानं कमावलेली फजिती वाया जाऊ नये असं मला वाटतं. म्हणून चहा ओता आधी. पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव टेंभुर्णीच्या अलीकडे. मी शिकायला गेले पार बेंगळुरूला, आणि शिकले काय, तर व्हिडिओ गेम बनवायला. आई लोकांना सांगायची, "पल्लवी कॉम्प्युटरचं कायतरी करून राह्यली." कायतरी! मी परत आले ती मात्र गाव बदलायला. हसू नका. त्या वयात प्रत्येकाला एकदा हा ताप येतो. माझा अजून उतरलेला नाही.

गावात एक अभ्यासिका आहे. पक्की खोली, पंखा, दोन ट्यूबलाइट, बाहेर भिंतीवर उघड्या पुस्तकाचं चित्र. आत काय? अण्णांच्या खताच्या गोण्या.

अण्णा म्हणजे आमचे माजी सरपंच. 'माजी' हे फक्त कागदावर. त्यांचं खताचं दुकान आहे, आणि दुकानात मावत नाही ते अभ्यासिकेत मावतं. कुलूप त्यांचं. किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. मुलींनी किल्ली मागितली की ते प्रेमानं हसतात आणि म्हणतात, "बघू."

बघू! मराठीत याहून भयंकर शब्द नाही. 'नाही' म्हटलं तर माणूस भांडतो तरी. 'बघू' म्हटल्यावर माणूस घरी जातो आणि वाट बघतो.

आमच्या शेजारची कावेरी अशीच वाट बघत होती. पोलीस भरतीची तयारी करते. घरात जागा नाही, म्हणून एसटीच्या थांब्यावर बसून वाचते. तिथं टवाळखोर जमले की गोठ्यात जाते. मोठ्यानं वाचायची सवय आहे तिला. त्यांच्या म्हशीला आता राज्यघटनेची प्रास्ताविका पाठ असावी असा माझा अंदाज आहे.

हे सगळं बघून माझं रक्त उसळलं. दुसरी एखादी शहाणी मुलगी असती तर चार बायका घेऊन अण्णांच्या ओट्यावर गेली असती. मी काय केलं? मी गेम केला.

नाव 'कुलूप'. ज्यात आपण एक पात्र व्हायचं, गावोगाव भटकायचं, माणसं जोडायची, ताकद कमवायची, अशा प्रकारचा खेळ. आणि अशा खेळात सगळ्यात शेवटी सगळ्यात भयंकर राक्षसाशी गाठ पडते. त्याला फायनल बॉस म्हणतात. माझ्या फायनल बॉसचं नाव कुलपेश्वर.

आणि तो काय होता म्हणून सांगू! डोंगराएवढा देह, त्याच्यावर पांढराशुभ्र सदरा. डोळ्यांवर काळा चष्मा. दातांच्या जागी किल्ल्या. पोटाच्या जागी एक दार, आणि दाराच्या आतून मुलींच्या वाचण्याचे आवाज. त्याच्यावर एक घाव घातला की अंगावर नवं कुलूप उगवायचं. आणि त्याचं सगळ्यात जालीम अस्त्र म्हणजे एकच शब्द. तो "बघूऽऽऽ" म्हणायचा, 'धडाम' असा आवाज व्हायचा आणि आपली ताकद निम्मी!

खेळून बघायला म्हणून गेम पाठवला, तर बेंगळुरूच्या माझ्या मैत्रिणींना त्याची स्वप्नं पडायला लागली. एकीनं तर चिडून रिमोट भिंतीवर फेकला. मी खूश. म्हटलं, गाव हे बघेल, राक्षस कोण ते ओळखेल, आणि खेळ संपता संपता सगळे मिळून अभ्यासिकेकडे चालायला लागतील. मला तर डोळ्यांपुढे मिरवणूकच दिसत होती. मी पुढे.

शाळेचा हॉल मिळाला. भगवान मास्तरांनी प्रोजेक्टर दिला, पण म्हणाले, "प्रमुख पाहुणे कोण?"

"गेमला कशाला पाहुणे, सर?"

"प्रमुख पाहुण्याबिगर कार्यक्रम? अगं, लोक येतील तरी का? अण्णांला सांगितलंय मी."

मी आधी दचकले. मग वाटलं, वा! याहून भारी काय? बसू देत पहिल्या रांगेत. बघू देत स्वतःला! मी इतकी हुशार होते, की या डावात मला एकही खोट दिसेना.

कार्यक्रम सकाळचा. खिडक्यांना अंधारासाठी काळं काहीतरी हवं होतं, म्हणून मास्तरांनी ताडपत्र्या आणल्या. कुणाकडून? अण्णांच्या दुकानातून. गाव वेळेवर जमलं, आणि बसलं वाट बघत. कारण आमच्याकडे नियम आहे: जो जितका मोठा, तो तितका उशिरा. जो सगळ्यात शेवटी येतो आणि ज्याच्यासाठी सगळे उठतात, तो सगळ्यात मोठा. हा नियम मला लहानपणापासून माहीत होता. गेम बनवताना तेवढा आठवला नाही.

पोरं पेंगायला लागली तेव्हा अण्णा आले. पांढराशुभ्र सदरा. काळा चष्मा. सगळे उठले. मास्तर माइकवर म्हणाले, "आता मान्यवरांचा सत्कार आपल्या गावची लेक, बेंगलोर रिटर्न, पल्लवीताई करतील."

मी अण्णांना शाल घातली. नारळ दिला. फोटोसाठी हसलेसुद्धा. मनात म्हटलं, थांबा, अण्णा. थोडाच वेळ.

मग खेळ सुरू झाला. रिमोट कावेरीच्या हातात. आणि काय सांगू, लोक असे रंगले! माझी नायिका साळू ओढा ओलांडून गेली तेव्हा टाळ्या पडल्या. डोंगरावरच्या म्हाताऱ्या धनगराला तिनं भाकर दिली, त्यानं तिला थंडीसाठी शाल आणि वाटेत खायला नारळ दिला, तेव्हा मागच्या बायका म्हणाल्या, "चांगल्या घरचा दिसून राह्यला."

आणि मग पडदा काळा झाला. ढोल घुमले. धूर पसरला. जमीन हादरली. धुरातून कुलपेश्वर वर यायला लागला. आधी पांढरा सदरा, मग काळा चष्मा.

सगळ्या माना पडद्यावरून पहिल्या रांगेकडे वळल्या. ओळखलं! सगळ्यांनी ओळखलं!

आणि गाव उठलं. कसं उठलं ते मघाशी सांगितलंच.

"बाई, अण्णाच की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"बिलकुल अण्णा! चष्मा बराबर काढलाय."

"शेवटाला ठेवले बघ. मानाची जागा!"

"अन् बॅंड केवढा लावला!"

मास्तरांना तर राहवेना. त्यांनी माइक ओढला. "आणि ज्यांची आपण सगळे आतुरतेनं वाट पाहत होतो, ते आपले लाडके…"

"सर, तो राक्षस आहे!" मी ओरडले. पण माझा आवाज माझ्याच ढोलांमध्ये बुडाला. ढोलही मीच मोठे ठेवले होते.

कुलपेश्वर 'बघूऽऽऽ' म्हणाला, धडाम! साळूची ताकद निम्मी, आणि पडद्यावर चार बटणं आली. लढा. बोला. द्या. पळा.

कावेरी गोंधळली. "ताई, काय दाबू?"

"लढा! लढा दाब!"

"अगं ए," कावेरीची काकू मागून खेकसली, "मोठा माणूस दारात उभा अन् लढा काय? द्या दाब, द्या! शाल हाय ना तुझ्यापाशी?"

"नारळ बी हाय!"

"आधी सत्कार, मंग बाकीचं!"

सगळा हॉल एका सुरात, "द्या! द्या! द्या!"

कावेरीनं माझ्याकडे बघितलं. मग गावाकडे बघितलं. आणि दाबलं.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगते, म्हणजे मी किती शहाणी ते कळेल. माझ्या गेममध्ये कुणालाही काही दिलं की तो मवाळ होतो. पूर्ण मवाळ झाला की भांडण मिटतं आणि आपण जिंकलो असं धरलं जातं. हा नियम मी धनगरासाठी, वाटेतल्या आजीसाठी लिहिला होता. कुलपेश्वराला तो लागू नाही, असं लिहायचं राहून गेलं. फायनल बॉसला शाल कोण देणार हो? बेंगळुरूत एकीलाही हे सुचलं नव्हतं. तिथं सगळ्या तलवार घेऊन धावल्या आणि मेल्या.

कुलपेश्वरानं शाल पांघरली. ढोल थांबले. धनगराची गोड बासरी वाजायला लागली. किल्ल्यांचे दात दाखवत तो हसला. मग नारळ. मग पडद्यावर आतषबाजी आणि मोठ्या अक्षरांत: 'गाव मुक्त झालं!'

काय टाळ्या! कुणी शिट्टी मारली. एका आजीनं पडद्याला नमस्कार केला.

त्या गोंधळात कावेरी माझ्या कानाशी आली. "ताई, जिंकलो ते ठीक. पण दार उघडलं न्हाई."

खरंच. अक्षरांच्या मागे त्याच्या पोटातलं दार तसंच बंद. आतून मुलींचे आवाज येतच होते. दार उघडायचं असेल तर त्याला हरवावं लागतं, आणि हरवलं तर कुणीच नव्हतं.

अण्णा उठले. माइक हातात घेतला. गहिवरले होते. "पोरी, एक इचारू? हा जो शेवटाला आला, एवढा मोठा, तो कोणावरून काढला?"

आणि त्यांनी माइक माझ्यापुढे धरला.

बघा हं. हाच तो क्षण. गाव समोर, राक्षस समोर, तोंडापुढे माइक. लढा, बोला, द्या, पळा. चारही बटणं माझ्यासमोर होती. गेम बनवायला घेतल्यापासून दोन वर्षं मी दुसऱ्यांना शिकवत होते, की अशा वेळी काय दाबायचं.

मी हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्यावरूनच सुचला, अण्णा."

टाळ्या! अण्णांनी डोळे पुसले. "पाह्यलं का? बेंगलोरला जाऊन बी पोरगी गावाला इसरली न्हाई!"

मला माझीच इतकी शिसारी आली की उरलंसुरलं धाडस गोळा करून मी पुटपुटले, "अण्णा, तेवढी अभ्यासिकेची किल्ली… मुलींना बसायला…"

अण्णा प्रेमानं हसले. "बघू."

मागच्या पोरांनी एका सुरात आवाज काढला: "धडाम!"

सगळा हॉल खो खो हसला. अण्णाही हसले. माझी ताकद निम्मी नाही, पार शून्यावर आली.

अण्णा गाडीत बसून गेले. शाल आणि नारळ खुर्चीवरच राहिले. मोठी माणसं सत्कार घेतात, नारळ उचलत नाहीत. कार्यक्रम माझा, म्हणून मास्तरांनी ते दोन्ही आमच्या घरी पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप उघडून 'द्या' हे बटण काढून टाकायला बसले होते. तेवढ्यात कावेरी आली. काखेत पुस्तक, चेहरा पडलेला.

"ताई, आज कुठं बसू? थांब्यावर बॅनर बांधलंय. पार बाकडं झाकून गेलं."

"कसलं बॅनर?"

"अण्णांच्या वाढदिवसाचं. पडद्याचा फोटो काढून तुझा राक्षस छापलाय त्याच्यावर. लई मोठा. अन् खाली शुभेच्छुकांत पहिलं नाव तुझं हाय."

म्हणजे मी आल्यापासून गावात काय बदललं? कावेरीची गोठा सोडून बसायची एकमेव जागा गेली. ती मी घालवली. माझ्याच हातानं काढलेल्या चित्रानं.

मी लॅपटॉप मिटून उठले. बटण काढून काय होणार होतं? ते पडद्यावर कुठं होतं? ते माझ्या जोडलेल्या हातांत होतं.

"बरं झालं उठलीस," आई आतून म्हणाली. "अण्णांची शाल अन् नारळ देऊन ये जल्दी. दुसऱ्याच्या सत्काराचं घरात ठेवू नये."

मी नारळाकडे बघितलं. आणि ठरवलं.

शाल कावेरीच्या म्हशीला. इतका अभ्यास केलाय तिनं, सत्कार व्हायला हवा. आणि नारळ अभ्यासिकेच्या दारात, त्या कुलपावर फोडायचा. दिवसाढवळ्या, अण्णांसमोर, सगळ्यांना बोलावून. उद्घाटन! नारळ फुटल्यावर दार बंद कसं ठेवतील? आणि ठेवलंच, तर गोण्या निघेपर्यंत आम्ही सगळ्या दारातच पुस्तकं उघडून बसणार. कावेरी मोठ्यानं वाचणार.

हे सगळं मी उभं राहून, मूठ आवळून सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"समदं खरं. पण नारळ फोडता येतो का तुला?"

मी नारळ हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

"कधी फोडलाय का जल्मात?"

माझ्याकडे पदवी आहे.

कावेरीनं पुस्तक काखेत घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं माझ्या हातातला नारळ काढून घेतला. तेव्हा मग ठरलं: नारळ कावेरी फोडणार. मी बाजूला उभी राहून "लढा! लढा!" असं ओरडणार. तेवढं मला छान जमतं, हे अख्ख्या गावानं पाहिलंय.