तळहातावरचा नंबर

वाटूर फाट्यावरचा एसटीडी बूथ कडूबाला मिळाला तो अधू डोळ्यांमुळं, अपंगांच्या कोट्यातून. सत्त्याण्णव सालची गोष्ट. गाव म्हणालं, डोळे अधू पण नशीब डोळस! गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

पुढं उरलीसुरली नजरही गेली. हे फक्त त्याच्या बायकोला, नंदाबाईला ठाऊक होतं. पूर्ण आंधळा झालेल्याचा बूथ काढून घेतात, असं परतूरच्या एका कारकुनानं सांगितलं होतं. जमीन नाही, दुसरा धंदा नाही. म्हणून मीटरचा आकडा कडूबा हसत हसत गिऱ्हाइकालाच वाचायला लावी. गावाच्या पाहुण्यारावळ्यांचे नंबर तर त्याला तोंडपाठच होते.

एका दुपारी अकबरबी आली. तिची बहीण औरंगाबादला आजारी होती. शेजाऱ्यानं म्हातारीच्या तळहातावरच बॉलपेननं नंबर लिहून दिला होता. कडूबानं तो हात डोळ्यांजवळ नेला, वाचल्यासारखं केलं आणि नेहमीचा, बहिणीच्या घरचा नंबर लावला. घंटी नुसतीच वाजत राहिली. संध्याकाळी ती परत आली, यानं परत तोच लावला.

दोन दिवसांनी बहीण गेल्याचं कळलं. कडूबा भेटायला गेला, तर अकबरबीच त्याची समजूत घालू लागली.

"दवाखान्यातल्यांनीच फोन उचलला न्हाई, बेटा. तू तर दोनदा लावला."

हातावर दवाखान्याचा नंबर होता तर! काही कबूल न करताच कडूबा तिथून उठला. घरी त्यानं नंदाबाईला सारं सांगितलं, पण जेवला नाही. नंदाबाई म्हणाली, झालं ते झालं, कोणाला कळलं नाही ना?

बूथसाठीची डोळ्यांची सरकारी तपासणी जालन्याला व्हायची होती, ती तोंडावर आली होती. डॉक्टर दाखवतील तितकी बोटं, तितक्यांदा ती त्याचा दंड दाबणार, असं ठरलं. तिला तरी कसं नावं ठेवावं? चूल तिलाच पेटवायची होती.

डॉक्टरांनी बोटं दाखवली. नंदाबाईनं तीनदा दंड दाबला. तिनं पुन्हा दाबला, नखं रुतेपर्यंत.

"साहेब, बोटं सोडा, तुमचा हातबी दिसून न्हाई राह्यला," तो म्हणाला. "वर्ष झालं."

डॉक्टरांनी तसं लिहिलं. बूथचं वरून कळेल म्हणाले. परतीच्या एसटीतून फाट्यावर उतरल्यावर नंदाबाई त्याला घराकडं नेऊ लागली, तसा तो थांबला.

"आधी अकबरबीकडं चल."

"सरकारला सांगून झालं की. मंग तिला कशाला?"

"बहीण सरकारची न्हाई गेली."

नंदाबाई त्याचा हात धरून अकबरबीच्या गल्लीकडं वळली.